पट आणि हजेरी

प्राथमिक शाळेच्या हजेरीपत्रकात रोज दोन आकडे लिहावे लागतात. एक पटाचा, दुसरा हजेरीचा. शाळेत ज्यांचे नाव दाखल आहे ती सगळी मुले पटावर असतात. त्या दिवशी दप्तर घेऊन जी वर्गात येऊन बसली ती हजेरीत. पट महिनोन्‌महिने जागचा हलत नाही, हजेरी रोज हलते. पटावर ३२ आणि हजर २७ असतील, तर शिक्षकाच्या डोक्यात दिवसभर ती पाच मुलेच घोळत राहतात. कोण तापाने पडले, कोण धाकट्या बहिणीला सांभाळायला घरी राहिले, कोण आईबरोबर कापूस वेचायला गेले. शिकवणे हे शिक्षकाचे काम आहे असे सगळेच म्हणतात. त्याच्या आधीचे काम मुलाला वर्गापर्यंत आणण्याचे असते, आणि ते कोणत्याच वेळापत्रकात बसत नाही.

बीड जिल्ह्यात पाटोदा, केज, धारूर या तालुक्यांतून बालाघाटाचे डोंगर जातात. तिथल्या वाड्या-वस्त्यांवर आणि तांड्यांवर जिल्हा परिषदेच्या ज्या शाळा आहेत, त्यांतल्या पुष्कळशा चौथीपर्यंतच्या आणि द्विशिक्षकी आहेत. दोन खोल्या, पुढे व्हरांडा, पाण्याची टाकी, झेंड्याचा कट्टा, आणि चार इयत्तांना मिळून दोन शिक्षक. एवढ्या लहान शाळेला स्वतंत्र मुख्याध्यापक मिळत नाही. दोघांत जो सेवेने ज्येष्ठ, त्याच्याकडे कपाटाच्या किल्ल्या, शिक्का आणि सगळी जबाबदारी येते. गाव त्यांना गुरुजी आणि बाई म्हणते. अलीकडे सर आणि मॅडमही म्हणू लागले आहे. म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी अजून ‘मास्तर’ येते.

पटाचा आकडा कागदावर छोटा दिसतो, पण शिक्षकाचे सगळे बिऱ्हाड त्यावर उभे असते. शिक्षणहक्क कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. प्राथमिक शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक आणि ६१व्या मुलापासून तिसरा, असे त्यात ठरले. दरवर्षी ३० सप्टेंबरला जो पट असेल तो धरून संचमान्यता होते, म्हणजे त्या शाळेत किती पदे राहणार हे ठरते. पट घसरला की कोणीतरी ‘अतिरिक्त’ ठरतो आणि समायोजनात दुसऱ्या गावी जातो. पट अगदीच खाली आला तर शाळाच राहील की नाही याची काळजी लागते. डिसेंबर २०१७ मध्ये राज्यातल्या दहापेक्षा कमी पटाच्या १,३०० हून अधिक शाळा जवळच्या शाळांत मिळवायचे ठरले, तेव्हापासून ही काळजी डोंगरातल्या प्रत्येक लहान शाळेच्या उंबऱ्यावर बसून आहे.

पट वाढवून दाखवण्याचे गैरप्रकारही झाले, हे इथे सांगितले पाहिजे. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी झाली. मुलांच्या बोटांना शाई लावून डोकी मोजली गेली, आणि कितीतरी ठिकाणी कागदावरची मुले वर्गात सापडली नाहीत. ती पडताळणी व्हायलाच हवी होती. मात्र ज्या शाळांचा पट खरा होता, तिथल्या शिक्षकांच्या मनातही त्या शाईचा डाग राहिला. एखादे मूल खरोखरच आईबापांमागे कामाच्या गावी गेले असले, तरी तपासणीला आलेल्या माणसापुढे ते सांगताना शिक्षकाचा आवाज अडखळतो.

म्हणून मे महिन्याच्या उन्हात शिक्षक घरोघर फिरतात. अंगणवाडीतून यादी मिळालेली असते. कोणाचे मूल सहा वर्षांचे होते आहे, कोणत्या घरापुढे गावाबाहेरच्या इंग्रजी शाळेची गाडी उभी राहू लागली आहे, हे त्यांना तोंडपाठ असते. जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा पहिलीच्या मुलांना ओवाळतात. त्यांचे पाय कुंकवाच्या पाण्यात बुडवून पांढऱ्या कागदावर ठसे घेतात. काही मुले हसतात, काही भोकाड पसरतात, एखादे आईचा पदर सोडतच नाही. वाळलेल्या ठशांच्या त्या कागदांवर खाली नाव आणि तारीख लिहून बाई ते कपाटात ठेवून देतात. त्या दिवशी पट आणि हजेरी सारखी असते. वर्षात असे दिवस फार थोडे.

शाळा दहाची असली तरी शिक्षिकेचा दिवस पहाटे पाचला कणकेच्या परातीपाशी सुरू होतो. नवऱ्याचा डबा, मुलांचे डबे, स्वतःचा डबा, सासूबाईंचे झाकून ठेवायचे. शेवटची पोळी तव्यावर असताना मोबाइल वाजतो. परिसरातल्या शाळांच्या केंद्राच्या गटावर निरोप आलेला असतो की अमुक माहिती आज बारापर्यंत हवी. उलथने एका हातात, मोबाइल दुसऱ्या हातात. तेवढ्यात धाकटा वही पुढे करतो. पालकाची सही राहिलेली असते. आदल्या रात्री दुसऱ्यांच्या मुलांच्या ३२ वह्या बघून झालेल्या असतात आणि घरातली ही एकच राहिलेली असते. उभ्याउभ्या सही होते. वहीत काय लिहिले आहे ते वाचायचे राहून जाते, आणि ते राहिले ही गोष्ट बसमध्ये बसल्यावर आठवते.

तालुक्याच्या गावी राहून रोज ये-जा करण्याला शिक्षकांच्या भाषेत ‘अप-डाउन’ म्हणतात. शिक्षकाने मुख्यालयी, म्हणजे शाळेच्या गावात राहावे असा नियम आहे, आणि घरभाडे भत्ता त्याच्याशी जोडलेला असल्याने दर काही दिवसांनी त्यावरून वाद पेटतो. गावाला आपला शिक्षक गावात हवा असतो, आणि त्याचे म्हणणे खोटे नाही. मास्तर गावात राहत होते तेव्हा संध्याकाळीही मुले त्यांच्या ओट्यावर पाढे म्हणत बसत. दुसऱ्या बाजूने पाहिले तर वस्तीवर भाड्याने खोली मिळत नाही, दवाखाना वीस किलोमीटरवर असतो, शिक्षकाच्या स्वतःच्या मुलांना चौथीनंतरची शाळा जवळ नसते, आणि म्हातारे आईवडील घरी असतात. सरकारने शाळांबरोबर शिक्षकांसाठी दोन-दोन खोल्या बांधल्या असत्या, तर हा वाद इतका कडू झाला नसता. तसे न झाल्याने एसटी, वडाप आणि दुचाकी यांवर शिक्षकाच्या आयुष्याचे दोन-तीन तास रोज खर्च होतात. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आले की गाडी अलीकडे लावून चप्पल हातात घ्यावी लागते. ओढ्यापलीकडे मुले आधीच येऊन उभी असतात आणि कुठला दगड हलतो ते ओरडून सांगत असतात.

परिपाठाने शाळा भरते. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, प्रार्थना, सुविचार, दिनविशेष. मग वर्ग. दोन शिक्षकांत चार इयत्ता म्हणजे एका खोलीत दोन इयत्ता, एका फळ्याचे खडूने केलेले दोन भाग. एकीकडे पहिलीला अक्षरे, दुसरीकडे दुसरीला बेरीज. दोघांपैकी एक जण रजेवर, प्रशिक्षणाला किंवा तालुक्याच्या बैठकीला गेला की चारही इयत्ता एकाच खोलीत. याला बहुवर्ग अध्यापन असे नाव आहे आणि त्याची प्रशिक्षणेही होतात, पण त्यातले खरे कसब पाठीमागे काय चालले आहे ते न वळता ओळखण्याचे असते.

बेरजेत ‘हातचा’ शिकवण्याचा दिवस दुसरीच्या वर्गात सोपा नसतो. फळ्यावर ४७ आणि २८ एकाखाली एक मांडलेले. सात आणि आठ पंधरा. पाच खाली लिहायचे, एक हातचा. हातचा म्हणजे हातात धरायचा, असे सांगून बाई मूठ मिटून दाखवतात. मुलेही मुठी मिटतात. एवढ्यात पहिलीतले कोणी रडू लागते, कोणाच्या पाटीवर पाणी सांडते, म्हणून बाई तिकडे जातात. पाच मिनिटांनी परत येऊन पाहावे तर तिसऱ्या रांगेतली मुलगी अजून मूठ घट्ट आवळून बसलेली. पेन्सिल डाव्या हातात घेतली आहे, कारण उजव्यात हातचा आहे. त्या मुठीतला एक आणि वरचे चार मिळून पाच, पाच आणि दोन सात, उत्तर ७५. मूठ उघडते. घामाने तळवा ओला झालेला असतो. असे काही घडले की पहाटे पाचपासूनचा शीण उतरतो. नवऱ्याला संध्याकाळी ते सांगायचेही असते, पण सांगताना त्याची गोष्ट होत नाही. ज्याने ती मूठ पाहिली त्यालाच ते कळते.

मधल्या सुट्टीत खिचडी. शालेय पोषण आहाराची योजना १९९५ साली सुरू झाली तेव्हा महाराष्ट्रात मुलांना महिन्याला तीन किलो तांदूळ घरी दिला जाई. नोव्हेंबर २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेले अन्न द्यायला सांगितले आणि त्यानंतर शाळांत चुली पेटल्या. प्राथमिकच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ. पटावर ३२ असोत की ४०, तांदूळ हजेरीवर काढायचा: २७ हजर असतील तर २ किलो ७०० ग्रॅम. डाळ, मटकी, तेल, हळद, मीठ यांचे माप वेगळे, त्यांची साठा नोंदवही वेगळी. मुलांना वाढण्याआधी शिक्षकाने घास खाऊन चव रजिस्टरला नोंद करायची. या हिशेबाबद्दल शिक्षक खूप कुरकुर करतात आणि ती रास्त आहे. किराणा मोजणे, चुलीकडे पाहणे आणि शिकवणे ही तीन माणसांची कामे आहेत. तरीही खिचडी बंद व्हावी असे म्हणणारा शिक्षक विरळा. सोमवारी सकाळी काही मुले ज्या घाईने ताटली पुढे करतात, त्यावरून रविवारी घरी काय शिजले होते ते समजते. स्वयंपाक करणाऱ्या ताईंना ते बरोबर माहीत असते. त्या मुलांच्या ताटलीत त्यांचा डाव थोडा जड पडतो.

दुपारनंतर कागदांचे राज्य. पगाराची माहिती एका संगणकप्रणालीत, मुलांची दुसऱ्या, शाळेची तिसऱ्या, आहाराची रोज मोबाइलवर. रेंज येत नाही म्हणून शिक्षक शाळेमागच्या टेकाडावर किंवा पाण्याच्या टाकीजवळ उभे राहून आकडे भरतात. शिक्षणहक्क कायद्याने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका एवढी तीनच अशैक्षणिक कामे शिक्षकांना लावता येतात. प्रत्यक्षात मतदारयादीच्या कामामुळे वर्षभर घरे पालथी घालावी लागतात, आणि माहितीच्या मागणीला तर कुठल्या कायद्याची कुंपणे नाहीत. यातला प्रत्येक तक्ता कुणाला ना कुणाला आवश्यक वाटतो. त्यांची बेरीज मात्र नेहमी एकाच ठिकाणाहून वजा होते, आणि ती जागा म्हणजे अजून जोडाक्षरे न आलेले मूल.

दिवाळी जवळ आली की बालाघाटातल्या शाळांचा सूर बदलतो. ऊसतोडीसाठी मुकादमाकडून उचल घेतलेली असते. साखर कारखान्यांची धुराडी पेटण्याच्या सुमाराला वस्तीवर ट्रॅक्टर आणि ट्रक येऊन उभे राहतात. नवराबायकोच्या जोडीला या धंद्यात ‘एक कोयता’ म्हणतात. गाडीत भांडी, पत्र्याची पेटी, गोणपाटे, कोंबड्या, एखादी शेळी, आणि या सगळ्याच्या मधोमध मुले. सुट्टीनंतर शाळा भरते तेव्हा पट ३२ आणि हजर १४ असाही आकडा दिसतो. पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या उसाच्या फडांत ती मुले पुढचे चार-पाच महिने राहतात, फडाशेजारच्या कोपीत झोपतात. चौथीतली मुलगी असेल तर धाकट्या भावाला सांभाळण्यासाठी तिला नेलेच जाते.

हे थांबवायला हंगामी वसतिगृहे निघाली. मुलाला आजी-आजोबांजवळ गावातच ठेवायचे आणि त्याच्या जेवणाची सोय शासनाने करायची, अशी ती योजना. कागदावर ती सोपी आहे. तिचे यश शेवटी एका संध्याकाळच्या बोलण्यावर ठरते. गाडी निघायच्या आधी दोन दिवस बाई घरी जातात. ओट्यावर आजी बसलेली असते, गुडघ्यांना फडके बांधलेले. ‘‘औंदा माझ्याच्यानं व्हईना बाई,’’ ती म्हणते. ‘‘रातीला ताप आला पोरीला तर कुठं पळू?’’ या प्रश्नाला योजनेत उत्तर नाही. बाई आपला मोबाइल नंबर शेजाऱ्यांच्या भिंतीवर कोळशाने लिहून देतात. मग आजी सुनेकडे बघते, सून नवऱ्याकडे, आणि बऱ्याच वेळाने ‘‘ऱ्हाऊ द्या मग हितंच’’ असे कोणीतरी म्हणते. जी मुले जातातच, त्यांच्याबरोबर शिक्षण हमी पत्रक दिले जाते, म्हणजे कामाच्या ठिकाणी जवळच्या शाळेत त्यांना बसता यावे. ते पत्रक पत्र्याच्या पेटीत रेशनकार्डाजवळ ठेवले जाते. काही मुले खरोखर त्या शाळेत जातात. पुष्कळ जणांचे पत्रक पेटीतून बाहेरच निघत नाही.

दुसऱ्यांची मुले आजीपाशी ठेवायला सांगणाऱ्या शिक्षकांपैकी कितीतरी जणांची स्वतःची मुलेही आजीपाशीच वाढतात. मराठवाड्यातले शेकडो तरुण डी.एड. करून नोकरीसाठी कोकणात गेले. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, पालघरच्या शाळांत बीड, परभणी, लातूरचे गुरुजी आणि बाई भेटतात. नवरा एका जिल्ह्यात, बायको दुसऱ्या, मूल तिसरीकडे आजोळी. आंतरजिल्हा बदलीची वाट पाहण्यात मूल बालवाडीतून चौथीत जाते. जिल्ह्याच्या आतल्या बदल्या २०१७ पासून ऑनलाइन होतात. पतिपत्नींना तीस किलोमीटरच्या आत आणण्याची सोय त्यांत आहे, आणि पूर्वी वशिल्याशिवाय न हलणारे काम आता यादीप्रमाणे होते. ही सुधारणा मोठी आहे. तरी बदल्यांच्या दिवसांत घरात कोणी मोठ्याने बोलत नाही. पसंतीची गावे क्रमाने भरताना नवराबायको जिल्ह्याचा नकाशा पुढे घेऊन बसतात. कुठून दवाखाना किती, कुठून मुलांची शाळा किती, सासऱ्यांना डायलिसिसला कोण नेणार. घरालाही एक पट असतो. त्यावर पाच नावे असतात आणि रात्रीच्या जेवणाला तिघेच हजर असतात.

शाळेपायी घर मोडण्याची गोष्ट महाराष्ट्राला नवी नाही. सावित्रीबाई आणि जोतीराव फुले यांनी १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली, आणि पुढच्याच वर्षी शिकवण्याच्या कामापायी त्यांना जोतीरावांच्या वडिलांचे घर सोडावे लागले. ३ जानेवारीला, सावित्रीबाईंच्या जयंतीला, शाळाशाळांतून मुली नऊवारी नेसून त्यांच्यावर भाषणे करतात. भाषणात शेण आणि दगड येतात. घराबाहेर पडल्यावरच्या पहिल्या रात्री त्या दोघांनी चूल कुठे मांडली असेल, हे त्या लहान मुलींना सांगता येणार नाही. समोर बसलेल्या बाईंच्या मनात मात्र ते येऊन जाते.

पगाराचे थोडक्यात सांगता येते. २००० साली सुरू झालेल्या शिक्षणसेवक योजनेमुळे नोकरीची पहिली तीन वर्षे मानधनावर काढावी लागतात. प्राथमिकच्या शिक्षणसेवकाला बरीच वर्षे महिना ६,००० रुपये मिळत. २०२३ मध्ये ते १६,००० झाले. नंतरचा पगार चांगला आहे, ही गोष्ट शिक्षक नाकारत नाहीत. त्यातून घराचा हप्ता, शिक्षक पतसंस्थेचा हप्ता, आणि ज्याला आपण जामीन राहिलो त्याने थकवलेला हप्ता जातो. १ नोव्हेंबर २००५ आणि त्यानंतर लागलेल्यांना जुनी निवृत्तिवेतन योजना लागू झाली नाही, म्हणून एकाच शाळेतल्या एकाच कामाच्या दोन माणसांची म्हातारपणाची काळजी वेगवेगळी असते. मार्च २०२३ च्या संपात हजारो शिक्षक उतरले ते यासाठीच.

मार्चमध्ये सकाळची शाळा सुरू होते. कारखान्यांचे गाळप संपत येते आणि मुले परतू लागतात. एखाद्या सकाळी परिपाठाच्या वेळी दारात तीन-चार मुले उभी असतात. उंच झालेली, रापलेली, केस पिंगट झालेले, हातांवर उसाच्या पाचटाचे ओरखडे. ती आपल्या जुन्या जागी बसत नाहीत, मागे भिंतीला टेकून बसतात. मूठ आवळून बसलेली दुसरीतली मुलगी यांत असते. तिच्यापुढे पाटीवर ४७ आणि २८ मांडले तर ती सात आणि आठ पंधरा करते, पंधराच्या पंधरा खाली लिहिते आणि बाईंकडे पाहते. बाई काही बोलत नाहीत, नुसती आपली मूठ मिटून पुढे धरतात. मुलगी क्षणभर त्या मुठीकडे बघत राहते. मग पाटीवरचा एक बोटाने पुसते आणि तिचीही मूठ मिटते.

हजेरी घ्यायची राहिलेली असते. पट ३२. नावे पुकारली जातात, ‘हजर बाई’ असे आवाज येत जातात. बऱ्याच महिन्यांनी रकाने भरत जाऊन आकडा ३१ वर थांबतो. शिल्लक राहिलेल्या नावाची गाडी दोन दिवसांपूर्वी गावात आली, असे मुले सांगतात. मोठी बहीण आली, भाऊ आला, ती मात्र अजून घराबाहेर पडली नाही. शाळा सुटल्यावर बाई कपाटाला कुलूप लावतात आणि बसच्या थांब्याकडे जाण्याऐवजी तांड्याच्या वाटेला लागतात. दुपारची एसटी आता मिळणार नाही. चालताचालता त्या घरी फोन लावतात आणि थोरल्या मुलीला सांगतात, ‘‘मला उशीर होईल गं. तेवढा कुकर लाव, आणि धाकट्याच्या वहीत काय लिहिलंय ते मला वाचून दाखव.’’